न भाजलेली वडी : पनवेलच्या हवेत थिजण्याची विद्या

क्रीम चीज आणि फळे यांची न भाजता केलेली वडी हा तीन थरांचा पदार्थ असून त्याचा तळ बिस्किटांचा चुरा व वितळवलेले बटर यांचा, मधला थर गोड करून घोटलेल्या क्रीम चीजचा आणि वरचा थर फळांच्या फोडी व जेली यांचा असतो. केक भट्टीत घट्ट होतो, कारण उष्णतेने अंड्यातील प्रथिने गोठतात आणि मैद्यातील पिष्ट फुगून सांगाडा धरते. या वडीत अंडे नाही, कच्चा मैदा नाही आणि भट्टीही नाही. म्हणून तिच्याबाबत चवीच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे ताटातून उचललेला चौकोनी तुकडा कशाच्या आधाराने चौकोनी राहतो. ज्या थंड प्रदेशांत ही वडी रुजली, तेथे गारठा आणि लोणी ही दोन उत्तरे पुरेशी होती. पनवेलसारख्या खाडीकाठच्या, दमट आणि उष्ण गावात ती पुरत नाहीत. येथे आकार देण्याचे काम समुद्री शेवाळाकडे सोपवावे लागते आणि थंडीकडे केवळ राखणीचे काम उरते. या वाटणीचे शास्त्र समजले की वडी साधते, आणि ते शास्त्र पनवेल परिसराच्या जुन्या स्वयंपाकात आधीपासूनच होते, असे या पदार्थाच्या घटकांचा एकेक करून विचार केला असता दिसून येते.

डब्यांतून आणि पुड्यांतून आलेला पदार्थ

या वडीचा जवळजवळ प्रत्येक घटक एकोणिसाव्या शतकातील कारखानदारीने दिलेला आहे. गेल बोर्डन याने दूध आटवून टिकवण्याच्या पद्धतीचे अमेरिकन पेटंट १८५६ साली मिळवले आणि त्यातून कंडेन्स्ड मिल्कचा डबा जन्माला आला. लंडनच्या पीक फ्रीन्स या कारखान्याने रशियाची राजकन्या मारिया हिच्या इंग्लंडच्या राजपुत्राशी झालेल्या विवाहानिमित्त १८७४ साली मेरी बिस्किट काढले. न्यूयॉर्क राज्यातील चेस्टर या गावचा दुग्धव्यावसायिक विल्यम लॉरेन्स याने १८७२च्या सुमारास दुधात जादा साय घालून मऊ, ताजे आणि किंचित आंबट चीज बनवले, आणि १८८० पासून ते फिलाडेल्फिया या नावाने विकले जाऊ लागले. त्या शहरात ते तयार होत नसे, पण तेथील दुग्धपदार्थांचा लौकिक मोठा असल्याने ते नाव घेण्यात आले. पुढे घरोघरी बर्फाचे कपाट आणि त्यामागून विजेचा फ्रीज आल्यावर हे घटक एकत्र थापून गार करण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत तर शाळांच्या जत्रा आणि महिला मंडळांचे मेळावे यांत अशा न भाजलेल्या वड्यांचे ताट ठरलेलेच असते.

भारतात हे घटक वेगवेगळ्या वाटांनी आणि वेगवेगळ्या वेळी आले. मुंबईच्या बाजारात पोल्सन हे बटरच्या एका छापाचे नाव दीर्घकाळ बटरचाच पर्यायी शब्द म्हणून वापरले जात होते. १९४६ साली आणंद येथे सहकारी दूध संघ उभा राहिला आणि पुढच्या दशकात अमूलचे बटर त्या जागी आले. गोदरेज कंपनीने १९५८ साली भारतात फ्रीज बनवण्यास आरंभ केला. नेस्लेचा पंजाबातील मोगा येथील कारखाना १९६१ साली सुरू झाल्यावर मिल्कमेडचा डबा देशातच तयार होऊ लागला, तर पुण्याच्या वीकफील्डने १९५६ पासून कस्टर्ड पावडरसारख्या वस्तू मध्यमवर्गीय फडताळात आणून ठेवल्या. सर्वांत शेवटी आले ते क्रीम चीज. त्यामुळे मधली कित्येक वर्षे येथे या वडीचे सगळे साहित्य मिळत असूनही मुख्य थर मात्र मिळत नव्हता, आणि त्या जागी घरोघरी चक्का किंवा पनीर वापरून पाहिले जात असे.

पनवेलची हवा आणि दुधाचा स्निग्धांश

पनवेल हे गाढी नदी आणि खाडी यांच्या काठी वाढलेले जुने बंदर असून मुंबईहून घाटाकडे जाणाऱ्या वाटेवरची ती मोठी बाजारपेठ होती. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. रायगड जिल्ह्यातील ती पहिली महानगरपालिका. समुद्र जवळ असल्यामुळे हवेत वर्षभर ओल असते, पावसाळा मुसळधार असतो आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नेहमीचे आहे. या आकड्याला वडीच्या दृष्टीने विशेष अर्थ आहे, कारण दुधाचा स्निग्धांश नेमका याच तापमानापर्यंत जवळजवळ पूर्ण वितळलेला असतो. बटरमध्ये अनेक प्रकारचे मेद एकत्र असतात व त्यांतला प्रत्येक वेगळ्या तापमानाला वितळतो. म्हणून फ्रीजमध्ये सुमारे निम्मा स्निग्धांश घन स्फटिकांच्या रूपात असतो, २० अंशांवर त्यातला थोडाच उरतो आणि पनवेलच्या मे महिन्यातील दुपारी काहीच उरत नाही.

मूळ वडीचे दोन थर या स्निग्धांशावर उभे असतात. तळाच्या थरात गार झालेले बटर बिस्किटांचे कण एकमेकांना चिकटवून धरते, आणि हेच काम बेसनाच्या लाडवात थिजलेले तूप करते. म्हणूनच दिवाळीतल्या गार रात्री वळलेला लाडू जसा टणक होतो तसा वैशाखात होत नाही. मधल्या थरातही क्रीम चीजमधील साय थंडीत घट्ट होते. खोबरेल तेल हा काहींना सोपा पर्याय वाटतो. पण ते २४ अंशांच्या आसपासच वितळते, त्यामुळे कोकणात ते बटरच्याही आधी साथ सोडते. कोको बटर मात्र ३४ अंशांपर्यंत तग धरते, म्हणून तळात थोडे वितळवलेले चॉकलेट मिसळले तर तो थर अधिक काळ टिकतो.

हवेतील ओलीचा परिणाम तळावर निराळ्या रीतीने होतो. बिस्किटातील साखर व पिष्ट पाणी ओढून घेतात आणि पावसाळ्यात उघडा राहिलेला पुडा तासाभरात सादळतो. चुऱ्याच्या प्रत्येक कणाला बटरचा लेप बसला तर ओल आत शिरण्यास वेळ लागतो. म्हणून चुरा आणि बटर चमच्याने वरवर ढवळण्यापेक्षा हाताने चोळून घेणे, आणि त्याआधी बिस्किटे तव्यावर मंद आचेवर परतून कोरडी करणे, हे दोन्ही उपाय येथे आवश्यक ठरतात.

फ्रीजपूर्वीची वडी : चिकाचा हलवा

थंडीची मदत न घेता दमट हवेत सुरेख चौकोनी तुकडे देणारी मिठाई पनवेल परिसरात फ्रीज येण्यापूर्वीपासून बनत आली आहे, आणि ती बेने इस्रायल या कोकणातील मराठीभाषक ज्यू समाजाची आहे. हा समाज रायगड जिल्ह्यातील गावागावांत तेलाचे घाणे चालवीत असे आणि शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्यामुळे शनवार तेली या नावाने ओळखला जात असे. पेणकर, रोहेकर, किहीमकर, पनवेलकर ही त्यांची आडनावे त्या त्या गावांवरून पडलेली आहेत. पनवेल येथील बेथ एल हे त्यांचे प्रार्थनालय १८४९ सालचे आहे. इस्रायलच्या स्थापनेनंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे तिकडे स्थायिक झाली, तरी त्यांच्या स्वयंपाकाची कोकणी घडण टिकून राहिली.

या समाजात नववर्षाच्या दिवशी, ज्याला जुन्या बोलीत नव्याचा सण म्हणत, चिकाचा हलवा करण्याची चाल आहे. गहू भिजत घालून, वाटून व गाळून मिळणाऱ्या पांढऱ्या पिष्टाला चीक म्हणतात, आणि महाराष्ट्रात इतरत्र कुरडयांसाठी हाच चीक काढला जातो. तो नारळाच्या दुधात व साखरेत घालून कडा सुटेपर्यंत घोटतात, ताटात ओततात, वर बदाम-पिस्त्याचे काप पसरतात आणि निवल्यावर वड्या पाडतात. शिजताना फुगलेले पिष्टाचे कण निवताना आपल्या लांब रेणूंची जाळी विणतात व पाणी त्या जाळीत अडकते; म्हणून हा हलवा गारव्याशिवाय थिजतो आणि सणाच्या भाद्रपद-आश्विनातील उकाड्यातही तसाच राहतो. नारळाच्या दुधाची योजना धार्मिक नियमातून आली आहे, कारण ज्यू आहारनियमांनुसार मांसाच्या जेवणात दुधाचे पदार्थ चालत नाहीत. तिचा आनुषंगिक लाभ असा की, गाईम्हशीच्या दुधावर केलेल्या गोडाची जी काळजी घ्यावी लागते ती येथे बरीच हलकी होते.

चीक काढण्याचे काम काही दिवसांचे असल्यामुळे अनेक घरांत त्याच्या जागी चायना ग्रास हे समुद्री शेवाळापासून मिळणारे, थिजवणारे द्रव्य आले. कोकणी मुसलमान कुटुंबांतही रमजानच्या इफ्तारीला चायना ग्रासचे दुधातले पुडिंग होते, आणि खरवसासाठी व्यालेल्या गाईम्हशीचे पहिले दूध मिळेनासे झाल्यावर शहरी महाराष्ट्रात चायना ग्रास घातलेला खरवसही रूढ झाला. अस्सल खरवस वाफेवर घट्ट होतो तो त्या पहिल्या दुधातील प्रथिनांमुळे. बदली खरवसाला तो आधार शेवाळ देते.

जिलेटिन की चायना ग्रास

चायना ग्रास म्हणजे जेलिडियम आणि ग्रासिलारिया या जातींच्या लाल समुद्री शेवाळांपासून काढलेले अगर. ते पांढऱ्या, हलक्या पट्ट्यांच्या किंवा भुकटीच्या रूपात विकले जाते. जुन्या पाश्चात्त्य कृतींत त्याच्या जागी जिलेटिन सांगितलेले असते, जे जनावरांची हाडे व कातडी यांतील कोलॅजन या प्रथिनापासून बनते आणि म्हणून शाकाहारी घरांत चालत नाही. बाजारातील शाकाहारी जेली-भुकट्यांत बहुधा कॅराजीनन असते, आणि तेही लाल शेवाळांपासूनच मिळते. परंतु निवड केवळ आहारनियमांवर सोडली तरी अपुरी राहते, कारण दोन्हींचे वर्तन मुळातच भिन्न आहे. जिलेटिनची जेली ३० अंशांच्या आसपास विरघळू लागते. अगर ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान थिजते, मात्र एकदा थिजल्यावर सुमारे ८५ अंशांपर्यंत पुन्हा वितळत नाही. थिजण्याचे व वितळण्याचे तापमान इतके दूर असल्यामुळे अगर पनवेलच्या ओट्यावरच थिजते आणि पनवेलच्या दुपारी तसेच टिकते.

हा फरक विज्ञानाच्या इतिहासातही निर्णायक ठरला आहे. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्यासाठी जिलेटिनच्या थाळ्या वापरीत. उन्हाळ्यात त्या वितळत आणि काही जिवाणू तर जिलेटिन पचवून त्याचे पाणी करीत. तेथे काम करणारे वाल्थर हेस यांना त्यांची पत्नी फॅनी हेस हिने १८८१ साली अगर वापरण्याचे सुचवले. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून तिला ते कळले होते आणि घरच्या जेली व पुडिंगसाठी ती ते वापरीत असे. कॉख यांनी १८८२ साली क्षयाच्या जिवाणूवरील निबंधात अगरचा उल्लेख केला, आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत तीच थाळी वापरली जाते.

जिलेटिनचे हे दोन्ही शत्रू, उष्णता आणि प्रथिने तोडणारी द्रव्ये, फळांच्या वडीतही हजर असतात. ताज्या अननसात ब्रोमेलिन आणि कच्च्या पपईत पपेन ही विकरे असतात. विकर म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारे सजीवांतील प्रथिन. ती जिलेटिनची साखळी तोडतात व जेली थिजतच नाही. डब्यातील अननस चालतो, कारण डबा बंद करताना तो तापवलेला असतो. अगर हे प्रथिन नसून शर्करांची साखळी असल्याने ते या विकरांना दाद देत नाही. तथापि अगर वापरले म्हणून ताजा अननस थेट घालता येत नाही, कारण तेच विकर दुधातील केसीन या प्रथिनावर चालते आणि चीजचा थर काही तासांत कडवट होतो. म्हणून अननसाच्या फोडी साखरेच्या पाकात उकळूनच घेणे योग्य ठरते.

अगरची एक उणीव येथे नोंदवणे आवश्यक आहे. तोंडातील ३७ अंशांवर जिलेटिन विरघळते व त्यामुळे जिभेवर मऊपणा जाणवतो. अगर विरघळत नाही, ते ठिसूळपणे तुटते, आणि प्रमाण अधिक झाल्यास वडी रबरासारखी लागते. त्यामुळे अगर आकार टिकण्यापुरतेच घालून मऊपणाचे काम सायीकडे ठेवणे हा मधला मार्ग होय.

क्रीम चीजच्या जागी चक्का

दही सुती पंच्यात बांधून, टांगून, निवळी गळून गेल्यावर उरणारा घट्ट गोळा म्हणजे चक्का. क्रीम चीज व चक्का ही दोन्ही दुधातील साखरेचे जिवाणूंकडून आम्ल करवून व पाणी काढून टाकून बनतात, म्हणून त्यांची जात एक आहे. मात्र घडण निराळी आहे. अमेरिकन नियमांनुसार क्रीम चीजमध्ये किमान ३३ टक्के स्निग्धांश असावा लागतो व पाणी ५५ टक्क्यांहून अधिक चालत नाही. भारतीय मानकांनुसार चक्क्यात घन पदार्थ किमान ३० टक्के व त्या घन पदार्थांत स्निग्धांश किमान ३३ टक्के असावा लागतो. दुसरा ३३ हा आकडा कोरड्या भागाचा असल्यामुळे तुलना करताना फसगत होते. किमान प्रमाणाच्या १०० ग्रॅम चक्क्यात स्निग्धांश १० ग्रॅमच्या आसपास येतो आणि क्रीम चीजमध्ये तो ३३ ग्रॅम असतो.

या हिशेबातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. चक्क्यात साय कमी असल्याने फ्रीजमध्ये ठेवूनही तो क्रीम चीजइतका घट्ट होत नाही आणि वडीसाठी त्याला दुसरा आधार द्यावाच लागतो. उलट, त्याची घडण प्रामुख्याने प्रथिनांची असल्याने उकाड्यात तो क्रीम चीजइतका ढासळतही नाही. शिवाय साखर मिसळताच चक्का सैल पडतो, कारण साखर त्यातील पाण्यात विरघळून द्रवाचा भाग वाढवते. श्रीखंड करणाऱ्या घरांत हे ठाऊक असते, म्हणून तेथे चक्का जितका कोरडा तितका चांगला मानतात. वडीसाठी तो रात्रभर टांगून, वर वजन ठेवून आणखी दाबला जातो, आणि पुरणयंत्रातून काढल्यास गुठळ्या राहत नाहीत.

कृती आणि तिची कारणे

आठ इंची चौकोनी डब्यासाठी २०० ग्रॅम मेरी बिस्किटे परतून, कुटून त्यांत ९० ते १०० ग्रॅम वितळवलेले बटर चोळतात व सपाट वाटीच्या बुडाने थर दाबून बसवतात. तो फ्रीजमध्ये असेपर्यंत मधल्या थराची तयारी होते. म्हशीच्या सुमारे दीड लिटर दुधाच्या दह्यातून ५०० ग्रॅमच्या आसपास चक्का निघतो. त्यात १२० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम हापूसचा घट्ट रस आणि चार चमचे साय घालून तो घोटतात. रायगड जिल्ह्यातील आंबाही २०१८ साली हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाच्या क्षेत्रात येतो, त्यामुळे हंगामात रसासाठी दूर जावे लागत नाही.

चायना ग्रासच्या ८ ग्रॅम पट्ट्या पाऊण लिटरच्या पातेल्यात २५० मिलिलिटर पाण्यात अर्धा तास भिजवून, मंद आचेवर पूर्ण विरघळेपर्यंत उकळतात. येथे तीन दक्षता निर्णायक आहेत. पहिली, अगर साध्या पाण्यातच उकळावे. आंब्याचा किंवा लिंबाचा रस आधी घालून उकळल्यास आम्लामुळे त्याच्या साखळ्या तुटतात व वडी लिबलिबीत राहते. दुसरी, चक्का फ्रीजमधून काढलेला गार नसावा, कारण गरम अगर गार चक्क्यावर पडताच जागच्या जागी थिजून त्याचे दाणे होतात. चक्का ओट्यावर ठेवून खोलीच्या तापमानाला आणावा आणि रस कोमट करून घ्यावा. तिसरी, अगर गाळून, बारीक धारेने ओतत हात न थांबवता फेटावे व मिश्रण लगोलग तळावर पसरावे.

वरच्या थरासाठी आंब्याचा रस किंवा पाकात उकळलेल्या फळांच्या फोडी आणि २ ते ३ ग्रॅम चायना ग्रासचे पाणी पुरते. दोन्ही थर एकमेकांना धरून राहावेत यासाठी मधल्या थराला नुकती साय धरली असताना, तो कोमट असतानाच, वरचा थर ओततात. खालचा थर पूर्ण गार झाल्यावर ओतल्यास कापताना वरचा पापुद्रा घसरून वेगळा होतो. जिलेटिनच्या वडीत याच्या उलट खबरदारी लागते, कारण तेथे गरम ओतल्यास खालचा थर वितळतो. क्रीम चीज वापरायचे असल्यास कृती तीच राहते. केवळ चायना ग्रास निम्म्यावर येते आणि चीज मऊ झाल्याखेरीज फेटता येत नाही.

फळांची निवड ऋतूप्रमाणे बदलते. वैशाखात उरण नाक्यावरच्या बाजारात आंब्याबरोबर करवंदेही येतात. कर्नाळा-माथेरानच्या उतारांवरील ठाकर व कातकरी स्त्रिया ती पाटीतून विकायला आणतात. बिया काढून, साखरेत शिजवून, गाळलेला करवंदाचा गर गडद जांभळा थर देतो आणि त्याचा आंबटपणा गोड चक्क्याला तोलून धरतो. दिवाळीच्या सुमारास हापूस नसतो. तेव्हा सीताफळाचा गर, पाकातला अननस किंवा संत्र्याच्या साल काढलेल्या पाकळ्या वापरता येतात. डब्यातील रस वापरल्यास त्यातील साखर मोजून चक्क्यातील साखर कमी करावी लागते.

आकार आणि ताजेपणा

शेवाळाने आकार सांभाळला की एक नवा धोका निर्माण होतो. बटर व जिलेटिन यांची वडी उकाड्यात ढासळते आणि ती फार वेळ बाहेर राहिली हे डोळ्यांना दिसते; अगरची वडी चार तासांनंतरही ताटात नेटकी दिसते, पण आतील दूध व फळे यांत जिवाणूंची वाढ थांबलेली नसते. भट्टीतून न गेलेल्या पदार्थात जिवाणू मारणारी उष्णतेची पायरीच नसते. चक्क्याची आम्लता काही प्रमाणात संरक्षण देते. परंतु साखर, रस आणि साय मिसळल्यावर तेही दुबळे होते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मार्गदर्शनानुसार असे नाशवंत पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त आणि हवा ३२ अंशांहून गरम असल्यास एका तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत. पनवेलमध्ये वर्षातील अनेक दुपारींना हा दुसराच नियम लागू होतो. दूध उकळून विरजलेले असणे, पंचा उकळत्या पाण्यातून काढलेला असणे, चक्का उन्हाळ्यात फ्रीजमध्येच चाळणीवर निथळत ठेवणे आणि तयार वडी ५ अंशांखाली ठेवून दोन-तीन दिवसांत संपवणे या गोष्टी म्हणून कृतीचाच भाग ठरतात.

चिकाच्या हलव्याशी तुलना केली असता दोन्ही पदार्थांतील नाते आणि अंतर एकदमच स्पष्ट होते. हलव्यात तासभर घोटण्याची उष्णता आकारही देते आणि टिकाऊपणाही. वडीत या दोन कामांची फारकत झाली असून पहिले अगरकडे व दुसरे फ्रीजकडे गेले आहे. परदेशी कृतींत दोन्ही कामे थंडीवरच सोपवलेली असल्याने हा भेद तेथे लक्षातही येत नाही, आणि त्या कृती जशाच्या तशा उचलल्या की वडी पनवेलमध्ये बिघडते. दिवाळीच्या फराळाच्या ताटात तिला जागा द्यायची झाल्यास चकली आणि शंकरपाळ्यांबरोबर ती सकाळपासून मांडून चालणार नाही. पाहुणे बसल्यावर फ्रीजमधून काढून, तिथल्या तिथे कापून वाढावी आणि उरलेली लगेच परत आत ठेवावी.